गिधाडांचं रान, गुराख्यांचं ताट

स्पेनच्या पश्चिमेला, पोर्तुगालच्या सीमेला लागून एक्स्त्रेमादुरा नावाचा प्रदेश आहे आणि त्यात मोनफ्राग्वे हे राष्ट्रीय उद्यान. माद्रिदहून गाडीने तीनेक तासांवर. ताहो नदीच्या वळणावर ‘साल्तो देल हितानो’ हा कडा उभा आहे. त्याच्यासमोर रस्त्याकडेला थांबायला जागा ठेवलेली आहे. फेब्रुवारी ते मे या दिवसांत तिथे दुर्बिणींची आणि तिपायांची रांग लागते. समोरच्या कपारींत युरेशियन गिधाडांची मोठी वसाहत आहे. ऊन तापून हवा वर उठू लागली की ती एकामागून एक कडा सोडतात आणि बघणाऱ्यांच्या डोळ्यांच्या पातळीवरून घिरट्या घेत वर जातात. दुपारी ही बघणारी मंडळी तोर्रेहोन एल रुबिओसारख्या जवळच्या गावात जेवायला बसतात. पुढ्यात हामोनच्या, म्हणजे डुकराच्या खारवून मुरवलेल्या पायाच्या, कागदासारख्या पातळ चकत्या येतात, मेंढीच्या दुधाचं ओघळणारं चीज येतं, लाल तिखटात परतलेला शिळ्या पावाचा चुरा येतो.

प्रवासाच्या पुस्तकांत ‘काय पाहाल’ आणि ‘काय खाल’ अशी दोन वेगळी प्रकरणं असतात. मोनफ्राग्वेच्या बाबतीत मात्र ते एकच प्रकरण आहे. सकाळी पाहिलेलं गिधाड आणि दुपारी खाल्लेलं हामोन एकाच रानात वाढलं. दोघांवर संकट आलं ते एकाच दशकात आणि दोघं सावरली तीही एकाच पिढीत. परंपरेच्या नावाने आज पर्यटकापुढे जे मांडलं जातं, त्याचा कच्चा माल शेकडो वर्षांचा आहे. पण मांडणी जेमतेम पन्नास वर्षांची.

आधी ते रान. त्याला तिथे देएसा म्हणतात. गवताळ, लहरत गेलेली जमीन आणि तिच्यावर अंतराअंतराने उभे असलेले ओक. त्यातले बहुतेक होल्म ओक, काही कॉर्क ओक. परक्या माणसाला हे निसर्गाने आखलेलं उद्यान वाटतं. खरं तर इथलं मूळ जंगल दाट, काटेरी, माणूस शिरणार नाही असं होतं. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ते विरळ केलं. चांगली फळं देणारे ओक ठेवले, बाकीचे काढले. ठेवलेल्यांची छाटणी करून फांद्या आडव्या पसरवल्या, म्हणजे फळ जास्त धरतं आणि खाली सावली पडते. छाटलेल्या लाकडाचा कोळसा केला. कॉर्क ओकची साल साधारण नऊ वर्षांनी एकदा सोलली. दर काही वर्षांनी जमीन नांगरून ओट किंवा बार्ली पेरली, कारण नांगर फिरला नाही आणि गुरं चरली नाहीत, तर चिकट पानांचं सिस्टसचं झुडूप पाहता पाहता सगळं व्यापून टाकतं. हिवाळ्या-वसंतात मेंढ्या, वर्षभर गाई आणि शरदात ओकची फळं गळू लागली की डुकरं. एकट्या एक्स्त्रेमादुरात अशी देएसा दहा लाख हेक्टरांहून जास्त आहे.

मोनफ्राग्वेचा गाभा मात्र देएसा नव्हे. ताहो आणि तिएतार या नद्यांच्या काठच्या खडकाळ डोंगररांगांवर नांगर चढला नाही, त्यामुळे तिथे मूळ भूमध्यसागरी झाडी टिकली. काळं गिधाड या झाडीतल्या ओकच्या शेंड्यावर काटक्यांचं भलं मोठं घरटं बांधतं आणि वर्षाला एकच अंडं घालतं. युरेशियन गिधाडं कड्यांवर, काळे करकोचे नदीवरच्या कपारींत, शृंगी घुबडं खडकांच्या भेगांत. घर असं डोंगरात आणि पोट मात्र सभोवतालच्या देएसात. तिथे मेलेली मेंढी, गाय, हरीण हे गिधाडांचं खाणं. राष्ट्रीय उद्यान १८ हजार हेक्टरांच्या थोडं वर आहे, पण त्याच्याभोवती २००३ साली युनेस्कोने मान्यता दिलेलं जीवावरण क्षेत्र १ लाख १६ हजार हेक्टरांचं आहे. हा पसारा म्हणजे गिधाडांचं स्वयंपाकघर.

या स्वयंपाकघराचा पाया मध्ययुगात घातला गेला. डोंगरमाथ्यावरचा मोनफ्राग्वेचा किल्ला अरबांचा. बाराव्या शतकात राजा आल्फोन्सो आठवा याच्या काळात तो ख्रिस्ती सत्तेकडे आला. पुढे मुलूख जिंकला गेला तरी वस्ती विरळच राहिली. जमिनी लष्करी धर्मसंघांना, सरदारांना आणि चर्चला मिळाल्या. माणसं थोडी आणि जमीन अफाट असली की शेतीपेक्षा मेंढपाळी परवडते. १२७३ साली राजा आल्फोन्सो दहावा याने मेंढपाळांच्या ‘मेस्ता’ या संघाला सनद दिली. लेओन, सोरिया, सेगोव्हिया इथल्या उंच, थंड कुरणांतले कळप शरदात दक्षिणेला एक्स्त्रेमादुरात उतरायचे आणि वसंत सरला की परतायचे. आपल्याकडे दिवाळीनंतर घाटमाथ्यावरचे धनगर कळप घेऊन कोकणात उतरतात, तशीच ही ये-जा. फरक इतकाच की स्पेनमध्ये तिच्यामागे राजसत्ता उभी होती. मेरिनो लोकरीवर राज्याचा महसूल चालायचा, म्हणून मेंढ्यांच्या राजमार्गांची रुंदी कायद्याने ठरलेली होती: ९० वारा, म्हणजे सुमारे ७५ मीटर. या वाटा नांगरणं गुन्हा होता. सोळाव्या शतकात मेस्ताच्या मेंढ्या तीस लाखांच्या आसपास होत्या.

एवढी जनावरं दरसाल शेकडो किलोमीटर चालली की वाटेत पुष्कळ मरणार. गिधाडांना हे अन्नछत्र शतकानुशतकं मिळत राहिलं. गावोगावी शिवेबाहेर मेलेली खेचरं आणि गाढवं टाकायची ठरलेली जागा असे. तिला मुलादार म्हणत. कोणी दफन करत नसे, जाळत नसे. गिधाडं येऊन हाडं उघडी करून जात आणि गावाचा खर्च शून्य. या व्यवस्थेची कोणी नोंद ठेवली नाही, तिच्यावर कोणी काव्य केलं नाही, कारण ती कोणाच्या डोळ्यांत भरण्याजोगी नव्हतीच.

मोनफ्राग्वेतून जाणारा प्लासेन्सिया–त्रुहियो रस्ता दरोडेखोरांसाठी बदनाम होता. पंधराव्या शतकात कार्डिनल हुआन दे कार्वाहाल याने ताहोवर दगडी पूल बांधवला. अठराव्या शतकात राजा कार्लोस तिसरा याने वाटसरूंच्या रक्षणासाठी विय्यारेआल दे सान कार्लोस ही छोटीशी वस्ती वसवली. आज उद्यानाच्या हद्दीतलं एकमेव गाव तेच आणि माहिती केंद्रही तिथेच. १८३६ साली मेस्ता बरखास्त झाली. त्याच शतकात चर्चच्या आणि गावकीच्या जमिनी लिलावात निघाल्या, आणि पैसेवाल्या घराण्यांनी हजारो हेक्टरांच्या इस्टेटी उभ्या केल्या. भूमिहीन मजूर आणि दूर शहरात राहणारा मालक ही एक्स्त्रेमादुराची ओळख तेव्हा पक्की झाली. पर्यटकाला आज जे निवांत, माणूसविरहित देखणेपण भावतं, त्यामागे ही विषम वाटणीही आहे.

पक्षी पाहायला येणारा माणूस या गोष्टीत फार उशिरा येतो, आणि येतो तो बंदूक घेऊन. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एबल चॅपमन हा इंग्रज शिकारी आणि हेरेसमधला शेरी मद्याचा व्यापारी वॉल्टर बक यांनी स्पेन पालथा घातला. ‘वाइल्ड स्पेन’ (१८९३) आणि ‘अनएक्सप्लोर्ड स्पेन’ (१९१०) या त्यांच्या पुस्तकांनी युरोपातल्या हौशी लोकांना या देशाची ओढ लावली. पक्षी ओळखायचा म्हणजे आधी पाडायचा, अंडी गोळा करायची, असा तो काळ. बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. १९५० च्या दशकात इंग्रज पक्षीअभ्यासक गाय माउंटफर्टने ग्वादाल्कीवीर नदीच्या मुखाजवळच्या दोन्याना या पाणथळीत मोहिमा नेल्या. स्पॅनिश शास्त्रज्ञ होसे आंतोनियो वाल्वेर्दे तिथे आधीपासून झटत होता. दोन्यानाची जमीन विकत घेऊन वाचवणं हे १९६१ साली स्थापन झालेल्या वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या अगदी पहिल्या कामांपैकी एक होतं. १९६९ साली दोन्याना राष्ट्रीय उद्यान झालं. याच माउंटफर्टने पुढे वाघासाठी जगभर निधी उभा केला आणि इंदिरा गांधींची भेट घेऊन भारत सरकारला गळ घातली. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत आपलं मेळघाट होतं. दोन्यानाच्या दलदलीतून निघालेला एक धागा असा थेट सातपुड्यापर्यंत येतो.

मोनफ्राग्वेकडे मात्र तेव्हा कोणी वळलं नव्हतं. सरकारी धोरण तर उलट्याच दिशेचं होतं. १९५३ च्या आदेशाने स्पेनमध्ये ‘उपद्रवी प्राण्यांच्या निर्मूलनासाठी’ प्रांतोप्रांती मंडळं नेमली गेली. गरुड, ससाणा, कोल्हा, लांडगा यांची मुंडकी किंवा पंजे आणून दाखवले की बक्षीस. लांडग्या-कोल्ह्यांसाठी पेरलेलं स्ट्रिक्निन हे विष गिधाडांच्या पोटात जाई. त्यातच मिक्सोमॅटोसिसच्या साथीने ससे संपत आले आणि सशांवर जगणाऱ्या स्पॅनिश शाही गरुडावर उपासमार ओढवली.

मग आलं १९६० चं दशक, आणि चार-पाच घाव एकदम बसले. ट्रॅक्टर आले, खेचरं गेली, मुलादार ओस पडले. लाखो माणसं माद्रिदला, बार्सिलोनाला, जर्मनीतल्या कारखान्यांत निघून गेली. देएसाची छाटणी करायला मजूर उरला नाही. ताहो आणि तिएतारवर धरणं झाली. जुना काठ पाण्याखाली गेला आणि कार्डिनलचा पूलही बुडाला. पाणी उतरतं तेव्हाच तो दिसतो. १९६० साली आफ्रिकन स्वाइन फीव्हर स्पेनमध्ये शिरला आणि डुकरांचे कळपच्या कळप मारावे लागले. त्या साथीतून देश मोकळा झाला तो १९९५ साली. आणि सरकारने कागदाच्या लगद्यासाठी मोनफ्राग्वेच्या उतारांवर निलगिरी लावायचं ठरवलं. बुलडोझर चढले, उतार पायऱ्यांसारखे कापले गेले, शतकांची झाडी उपटली गेली आणि हजारो हेक्टरांवर निलगिरीच्या सरळसोट रांगा उभ्या राहिल्या.

इथे हेसुस गार्सोन या तरुण निसर्गअभ्यासकाचं नाव घ्यावं लागतं. काळ्या गिधाडांच्या आणि शाही गरुडांच्या घरट्यांचा माग काढत तो १९७० च्या दशकात मोनफ्राग्वेत राहिला. जिथे घरटी होती, त्या जमिनी भाड्याने घेऊन तिथली झाडतोड थोपवण्याचा मार्ग त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काढला. काळ अनुकूल होत होता. १९७४ पासून फेलिक्स रोद्रिगेस दे ला फ्वेन्तेची वन्यजीवांवरची मालिका दूरदर्शनवर सुरू होती. लांडगा आणि गिधाड हे शत्रू नसून आपल्याच देशाचं वैभव आहे, हे तो घरोघरी सांगत होता. १९७५ साली हुकूमशहा फ्रँको गेला. १९७८ च्या नव्या राज्यघटनेने चांगल्या पर्यावरणाचा हक्क कलम ४५ मध्ये लिहून ठेवला. ४ एप्रिल १९७९ रोजी मोनफ्राग्वे निसर्ग उद्यान जाहीर झालं, एक्स्त्रेमादुरातलं पहिलं संरक्षित क्षेत्र. पुढच्या दशकांत निलगिरी उपटून पुन्हा ओक लावण्याचं काम चाललं. राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा २००७ साली मिळाला.

फळ काय मिळालं ते आकड्यांत दिसतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सगळ्या स्पेनमध्ये काळ्या गिधाडांच्या सुमारे २०० जोड्या होत्या. आज अडीच हजारांहून जास्त आहेत, त्यातल्या तीनशेच्या वर एकट्या मोनफ्राग्वेत. शाही गरुडाच्या तेव्हा काही डझन जोड्या माहीत होत्या. २०२२ च्या मोजणीत आठशेहून जास्त भरल्या.

आता ताटाकडे वळू. हामोनची कहाणी याच कालरेषेवर चालते. ‘इबेरिको’ हे इथलं काळसर, सडपातळ पायांचं स्थानिक डुक्कर. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत ते देएसात मोकळं सोडतात. या हंगामाला मोन्तानेरा म्हणतात. दिवसभर चालायचं आणि ओकची फळं खायची. त्या फळांतलं ओलेइक आम्ल मांसाच्या रेषारेषांत मुरतं. पाय मिठात ठेवून मग डोंगरी हवेत दोन-तीन वर्षं टांगला की हामोन तयार. पण हे चोखंदळांचं खाणं व्हायला विसावं शतक संपत यावं लागलं. त्याआधी डुकराची खरी किंमत चरबीला होती. हिवाळ्यात घरोघरी डुक्कर कापायचं आणि त्याच्या चरबीवर, सॉसेजांवर गरिबाने वर्ष काढायचं. १९६० नंतर स्वस्त तेल आलं, शहरी गिऱ्हाईक चरबीला नाक मुरडू लागलं, गोठ्यात झपाट्याने वाढणारी पांढरी डुकरं आली आणि वर स्वाइन फीव्हर. इबेरिको डुक्कर बेभाव झालं, आणि ज्या झाडाचं फळ खाणारं कोणी नाही, ते झाड ठेवायचं कशाला? त्या वर्षांत देएसातले ओक मोठ्या संख्येने तोडले गेले.

वळण आलं ते गुणवत्तेची नोंद सुरू झाल्यावर. १९९० साली ‘देएसा दे एक्स्त्रेमादुरा’ या नावाला भौगोलिक मूळनामाचं संरक्षण मिळालं. २०१४ च्या कायद्याने रंगीत लेबलं आणली. काळं म्हणजे शंभर टक्के इबेरिको आणि ओकच्या फळांवर वाढलेलं. लाल म्हणजे संकरित, पण फळांवरच वाढलेलं. हिरवं म्हणजे मोकळ्यावर राहून चारा-धान्य खाल्लेलं. पांढरं म्हणजे गोठ्यात धान्यावर पोसलेलं. काळ्या-लाल लेबलासाठी डुकराने देएसात किमान ६० दिवस काढले पाहिजेत, त्या काळात किमान ४६ किलो वजन कमावलं पाहिजे. झाडी उत्तम असली तरी हेक्टरी सव्वा डुकरापेक्षा जास्त सोडता येत नाही. म्हणजे हामोनच्या काळ्या लेबलामागे जमीन आहे, आणि त्या जमिनीवर उभे ओक आहेत. गार्सोनने जे काम घरट्यांसाठी केलं, तेच या लेबलाने झाडांसाठी केलं.

ताटातली बाकीची मंडळीही गुराख्यांच्याच घरची. मिगास हा मेंढपाळांचा नाश्ता. शिळा, कडक पाव रात्री पाण्याचा हबका मारून भिजवायचा, सकाळी चरबीत लसूण परतून त्यात तो चुरा खरपूस करायचा आणि वर लाल तिखट. रानात आठवडेच्या आठवडे राहणाऱ्याला ताजा पाव कुठला? तोर्ता देल कासार हे मेंढीच्या कच्च्या दुधाचं चीज. ते जनावराच्या रेनेटने नव्हे, तर रानटी काटेफुलाच्या वाळवलेल्या तुऱ्यांच्या पाण्याने विरजतात. त्यामुळे ते आतून घट्ट होत नाही, वरची चकती कापून चमच्याने खावं लागतं. जुने लोक सांगतात की असं बसकं, ओघळलेलं चीज पूर्वी बिघडलेलं समजलं जाई आणि त्याला भाव येत नसे. आज ते देशातल्या महागड्या चीजांपैकी आहे. शाकाहारी वाचकासाठी हे चीज म्हणजे देएसाची उत्तम चव.

आणि ते लाल तिखट, म्हणजे पिमेंतोन. कोलंबसाच्या १४९३ च्या दुसऱ्या सफरीत दिएगो आल्वारेस चांका हा वैद्य होता. अमेरिकेच्या बेटांवरचे लोक जेवणात मिरची घालतात हे त्याने पत्रातून कळवलं. एक्स्त्रेमादुरातल्या ग्वादालुपे मठात कोलंबस स्वतः येऊन गेला होता. परंपरा सांगते की तिथल्या हिएरोनिमाइट साधूंनी मिरचीचं बी लावलं आणि ते याच पंथाच्या युस्ते मठात, ला वेराच्या खोऱ्यात, पोहोचलं. सम्राट कार्लोस पाचवा १५५७ साली याच युस्तेत निवृत्त होऊन राहिला आणि पुढच्याच वर्षी वारला. मोनफ्राग्वेच्या ईशान्येला असलेल्या ला वेरात मिरची सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणीला येते आणि तेव्हाच शरदाचा पाऊस सुरू होतो. मुर्सियात ती उन्हात वाळते, इथे ऊन भरवशाचं नाही. म्हणून ओकच्या लाकडाच्या मंद धगीवर माळ्यावर दहा-पंधरा दिवस पसरून, रोज हाताने उलथापालथ करून ती वाळवतात. धुराची ती चव हवामानाच्या अडचणीतून आली, आणि लाकूड पुन्हा ओकचंच. हीच मिरची पोर्तुगिजांच्या गलबतांतून गोव्यात उतरली आणि तिथून आपल्या स्वयंपाकघरात आली. पण स्पेनमध्ये ती मुख्यतः सॉसेजात गेली. मांस टिकवायला आणि चोरिसो या सॉसेजाला रंग द्यायला मेंढपाळ-गुराख्यांना तिचाच आधार होता.

म्हणजे १९९० च्या दशकापर्यंत गिधाडंही सावरली आणि ताटही. पण दोघांचं नातं किती घट्ट आहे, हे नव्या शतकाने झटका देऊन दाखवलं. युरोपात ‘मॅड काऊ’ रोगाची भीती पसरली. स्पेनमध्ये पहिलं प्रकरण २००० साली सापडलं. २००२ च्या युरोपीय नियमाने मेलेली जनावरं रानात सोडायला बंदी केली. ती ट्रकमधून नेऊन जाळायची. गावाबाहेरची ती विनाखर्चाची सफाई कायद्याने बंद झाली आणि गिधाडं उपाशी पडली. २००७ च्या जूनमध्ये गिधाडांचा मोठा थवा अन्न शोधत थेट बेल्जियमपर्यंत जाऊन धडकला. संशोधक आणि पशुपालक दोघांनी ओरड केल्यावर नियम सैल झाले, आणि २०११ च्या स्पॅनिश आदेशाने ठरावीक भागांत मोकळ्यावर चरणारी जनावरं मेल्यावर तिथेच राहू द्यायची परवानगी मिळाली. उद्यानाची हद्द आखून गिधाड वाचत नाही, हा या दहा वर्षांचा धडा होता.

त्याहून गंभीर धडा भारतातून गेला. १९९० च्या दशकापासून पुढच्या काही वर्षांत आपल्याकडच्या प्रमुख जातींची गिधाडं ९५ टक्क्यांहून जास्त नष्ट झाली. कारण २००४ साली सिद्ध झालं: गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक. ते औषध दिलेलं मेलेलं जनावर खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं बंद पडतात. मलबार हिलवरच्या पारशी समाजाच्या डुंगरवाडीत शतकांची अंत्यविधीची पद्धत गिधाडांअभावी मोडकळीस आली. भारताने २००६ साली पशुवैद्यकीय डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. आज गडचिरोली, नाशिकसारख्या ठिकाणी वन विभाग ‘गिधाड उपाहारगृहं’ चालवून उरलेल्यांना जगवतो आहे. हे सगळं जगजाहीर झाल्यावर, २०१३ साली, स्पेनने तेच औषध गुरांसाठी मंजूर केलं. २०२० साली कातालोनियात काळ्या गिधाडाचं एक पिल्लू याच औषधाने मेलेलं सापडलं. युरोपातली बहुसंख्य गिधाडं ज्या देशात आहेत, त्या देशाने आपल्याकडचा अनुभव कागदावर वाचला आणि बाजूला ठेवला.

मोनफ्राग्वेची आजची ओळख पक्षीपर्यटनाची आहे. विय्यारेआल दे सान कार्लोसमध्ये दर वर्षी हिवाळ्याच्या अखेरीस पक्षीपर्यटनाची आंतरराष्ट्रीय जत्रा भरते. हिवाळ्यात क्रौंच पक्षी येतात. एक्स्त्रेमादुरात त्यांची संख्या लाखावर जाते, आणि तेही देएसातली ओकची फळंच वेचतात. पण हे पर्यटन या वंशावळीतलं सर्वांत धाकटं पोर आहे, आणि ते स्वतःला घरचा कर्ता समजू लागलं तर गफलत होईल. गार्सोनला हे लवकर उमगलं होतं. उद्यान झाल्यावर तो वळला तो मेंढ्यांच्या जुन्या वाटांकडे. १९९३ पासून त्याने कळप पुन्हा त्या वाटांवर चालवले. १९९४ पासून दर शरदात मेंढ्या माद्रिदच्या भर रस्त्यांतून जातात आणि १४१८ च्या कराराची आठवण म्हणून नगरपालिकेला दर हजारी पन्नास माराव्हेदी, म्हणजे जुनी नाणी, मोजली जातात. १९९५ च्या कायद्याने त्या वाटांना सार्वजनिक मालकीचं संरक्षण दिलं. २०२३ साली युनेस्कोने स्पेनच्या या स्थलांतरी मेंढपाळीचा वारसा यादीत समावेश केला.

धोका टळलेला नाही. मुळांना लागणाऱ्या एका बुरशीसदृश रोगाने देएसातले ओक वाळत आहेत. जुने ओक म्हातारे झाले आणि चराईमुळे नवं रोप तग धरत नाही. गावांतली तरुण पोरं थांबत नाहीत. आणि बाजारात ‘इबेरिको’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाचा मोठा वाटा पांढऱ्या लेबलाचा आहे, ज्याचा ओकशी काही संबंध नाही.

तेव्हा मोनफ्राग्वेला जायचं असेल तर मार्च-एप्रिलमध्ये जा. सकाळी साल्तो देल हितानो, दुपारनंतर शाही गरुडासाठी पोर्तिया देल तिएतार. उद्यानात प्रवेश फुकट आहे आणि दुर्बिणीतून पाहिल्याने एकही गिधाड जगत नाही. पैसे खर्च करा ते जेवणावर. मांसाहारी असाल तर लेबलाचा रंग विचारा आणि काळं किंवा लाल असेल तरच घ्या. शाकाहारी असाल तर तोर्ता देल कासार मागा, ला वेराच्या पिमेंतोनचा डबा घरी आणा. गिधाडाचं भाडं अखेर मेंढपाळ आणि गुराखीच भरतो, आणि त्याच्या मालाला रास्त भाव मिळाला तरच ते भरलं जातं.